ब्लूबेरी कपात नको, ग्रॅममध्ये छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हल्ली ब्लूबेरीच्या पाककृती वरचेवर येतात. मफिन, चीजकेक, पॅनकेक, मध्यंतरी श्रीखंडसुद्धा आले. साहित्याच्या यादीत मात्र ‘१ कप ब्लूबेरी’ एवढेच असते. कप केवढा, सपाट की शिगेचा, फळ ताजे की गोठवलेले, बारीक की टपोरे, यातले काहीही नसते. आम्ही दोघी बेकिंग शिकवतो, एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत. फसलेल्या ब्लूबेरी केकच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच असतात. फळे तळाशी बसली, मधला भाग कच्चा राहिला, केक हिरवट झाला. यातल्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा मापात आणि फळाच्या निवडीत सापडते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी कप. अमेरिकेतला कप २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. आपल्याकडे मिळणाऱ्या मापांच्या संचात २४० आणि २५० असे दोन्ही आकार दिसतात. चहाचा कप आणि आमटीची वाटी यांना तर काहीच ठरलेले माप नाही. तरीही मापाच्या कपांतला हा फरक फार तर पाच-सहा टक्क्यांचा. मोठा घोळ होतो तो फळ गोल असल्यामुळे. गोल वस्तू मापात ओतल्या की मापाचा साधारण ६० ते ६४ टक्के भागच त्या व्यापतात, उरलेली जागा हवेची. त्यामुळे २३७ मिलिलिटरच्या कपात सपाट भरलेल्या ब्लूबेरी १४५ ते १५० ग्रॅम बसतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १४८ ग्रॅम हाच आकडा आहे. तोच कप दोन-तीनदा हबकून भरला तर १५५ च्या पुढे जातो, आणि वर शीग लावली तर १७० सुद्धा ओलांडतो. धान्य मापून घेणाऱ्या जुन्या पिढीला शीग आणि सपाट यांतला फरक सांगावा लागत नसे. पाककृतीत मात्र तो कुठेच लिहिलेला नसतो. दोन कप फळ मागणाऱ्या कृतीत ही तफावत सहज ५० ग्रॅमवर जाते. पाव किलो मैद्याच्या केकला ५० ग्रॅम फळ जास्त पडले, म्हणजे ४० ग्रॅमहून अधिक पाणी जास्त पडले, कारण या फळात ८४ टक्के पाणीच असते.

घरी वजनकाटा नसेल तर एकदाच एक काम करावे. ज्या वाटीने नेहमी मापता ती किराणा दुकानातल्या किंवा शेजाऱ्यांच्या काट्यावर पाण्याने काठोकाठ भरून तोलून आणावी, रिकाम्या वाटीचे वजन वजा करावे आणि आलेल्या आकड्याला ०.६२ ने गुणावे. वाटीत १५० ग्रॅम पाणी मावत असेल तर तीत सपाट भरलेल्या ब्लूबेरी साधारण ९३ ग्रॅम. हा आकडा वाटीखाली रंगाने लिहून ठेवला की पुढे कायमचे निभावते. अर्थात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आता काही शे रुपयांत मिळतो, आणि महागडे फळ वापरणाऱ्याने तो आधी घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

ठेचलेल्या फळाची गोष्ट वेगळी. ठेचले की मधली हवा निघून जाते आणि त्याच कपात २३० ग्रॅमच्या आसपास फळ मावते. म्हणजे ‘१ कप ब्लूबेरी ठेचून घ्या’ आणि ‘१ कप ठेचलेली ब्लूबेरी’ या दोन वाक्यांत दीडपटीहून जास्त फरक आहे. जॅम आणि सॉसच्या कृती इथेच बिघडतात. साखर एका मापाने पडते आणि फळ दुसऱ्याने.

अमेरिकी कृतींतला ‘पिंट’सुद्धा असाच फसवतो. तिथे फळांचा पिंट कोरड्या मापाचा असतो, ५५१ मिलिलिटरचा. दुधा-पाण्याचा पिंट ४७३ चा, आणि ब्रिटिश पिंट ५६८ चा. ब्लूबेरीच्या संदर्भात पिंट आला तर साधारण ३४० ग्रॅम फळ समजावे. आपल्याकडे आयात फळाची डबी बहुधा १२५ ग्रॅमची असते. देठ, मऊ पडलेली आणि चिरडलेली फळे काढल्यावर हातात ११५ ते १२० ग्रॅम उरतात. म्हणजे एक डबी आणून ‘१ कप’ भरतच नाही, दोन आणल्या तर बऱ्याच उरतात, आणि उरलेली टाकून कशी द्यायची म्हणून तीही मिश्रणात जातात. मराठी वाचकासाठी लिहिलेली कृती १२० किंवा २४० ग्रॅमवर बेतली तर हा प्रश्नच येणार नाही. अमेरिकेतला पुस्तकी कप जसाच्या तसा आणण्याचे काही कारण नाही.

आता आकार. इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आज दुकानात दिसणारी टपोरी ब्लूबेरी मुद्दाम निवडून मोठी केलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग इथे एलिझाबेथ व्हाइट यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्यासोबत रानटी झुडपांमधून लागवडीयोग्य जाती निवडल्या. पाइनच्या जंगलात फळे वेचणाऱ्यांना व्हाइट यांनी पाच-अष्टमांश इंच, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, भोकाची मापपट्टी दिली होती. ज्या झुडपाचे फळ त्या भोकातून पडणार नाही ते झुडूप हवे होते. पहिले व्यापारी पीक १९१६ मध्ये निघाले. त्याच शोधात सापडलेली रूबेल ही जात अजून लावली जाते, मात्र तिचे फळ आजच्या मानाने बारीक असते आणि भाजण्याच्या पदार्थांसाठी ते फार चांगले. याउलट अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि कॅनडाच्या पूर्व भागात मिळणारी ‘वाइल्ड’ ब्लूबेरी ही वेगळीच, जमिनीलगत वाढणारी प्रजाती आहे. तिचे फळ वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान. ती आपल्यापर्यंत आली तर गोठवलेलीच येते.

अमेरिकी प्रतवारीत अर्ध्या पिंटाच्या मापात ९० पेक्षा कमी फळे बसली तर ती एक्स्ट्रा लार्ज, ९० ते १२९ लार्ज, १३० ते १८९ मीडियम आणि १९० च्या पुढे स्मॉल. खाणाऱ्याला यातून काय कळावे? १२ मफिनला २०० ग्रॅम फळ धरू. १८ मिलिमीटरचे टपोरे फळ पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एकूण ७०-७५ फळे, मफिनमागे सहा. एक ग्रॅमचे मध्यम फळ घेतले तर मफिनमागे सोळा-सतरा. वाइल्ड फळ ०.४ ग्रॅमचे धरले तर चाळीसच्या वर. वजन तेच, मफिन मात्र तीन वेगवेगळे. टपोरे फळ ओव्हनमध्ये फुटले की आजूबाजूला ओला खड्डा करते, तिथला मैदा शिजत नाही आणि आपण समजतो की केक कच्चा काढला. शिवाय रंग आणि बराचसा स्वाद सालीत असतो. लागवडीच्या फळाचा गर आतून फिकट हिरवटच असतो. फळाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनात साल दुप्पट येते. म्हणून पिठात घालायला १० ते १३ मिलिमीटरचे फळ घ्यावे, आणि १६ च्या पुढचे चीजकेकवर मांडायला, दह्यासोबत खायला ठेवावे. दुकानात टपोऱ्या डबीला जास्त पैसे पडतात, पण मफिनसाठी तो खर्च वाया जातो. टपोरेच हाताशी असेल तर ते कापू नये, कापलेल्या बाजूने सगळा रस पिठात उतरतो. त्यापेक्षा फळाचे वजन चौथाईने कमी करावे.

स्वीडन, फिनलंड, पोलंडकडच्या कृती भाषांतर होऊन आपल्याकडे येतात, तिथेही एक खाच आहे. तिथल्या जंगलातली बेरी ही बिलबेरी, तिचा गर आतपर्यंत गडद जांभळा असतो आणि चवही अधिक आंबट. तिच्या जागी लागवडीची ब्लूबेरी घातली की सूप किंवा पाय (फळांचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) फिकट आणि सपक लागतो. अशा वेळी साखर थोडी कमी करून दर २५० ग्रॅमला १५ मिलिलिटर लिंबाचा रस वाढवावा.

डबी निवडताना प्रथम ती उलटी करून तळ पाहावा. जांभळा डाग किंवा ओल दिसली तर आत फुटलेले फळ आहे, आणि एका फुटलेल्या फळाची बुरशी दोन दिवसांत शेजारच्यांना लागते. मग डबी हलकेच तिरकी करावी. फळे सुटी घरंगळली पाहिजेत, गठ्ठ्याने सरकली तर चिकटलेली आहेत. सालीवरचा पांढुरका थर ही भुकटी किंवा फवारणी नव्हे, ते फळाचे स्वतःचे मेण आहे आणि ते असणे ताजेपणाची खूण आहे. देठाच्या जागेजवळ लालसर छटा असेल तर फळ पुरते पिकलेले नाही. ते घरी ठेवून निळे पडेल, पण गोड होणार नाही, कारण तोडल्यानंतर या फळात साखर वाढत नाही. जॅमसाठी मात्र अशी थोडी लालसर फळे मुद्दाम असू द्यावीत. त्यांत आम्ल आणि जॅम घट्ट करणारे पेक्टिन जास्त असते, जॅम बरा धरतो. आपल्याकडे आलेले फळ पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका अशा दुरून आलेले असते आणि वाटेत कुठे थंडावा तुटला तर डबीच्या झाकणाला आतून दव धरते. पावसाळ्यात हे फार होते. असे झाकण दिसले तर डबी घेऊ नये. घरी आणल्यावर धुऊ नये, वापरायच्या वेळीच धुवावे.

जास्त मिळाल्या तर गोठवाव्यात. न धुता, कोरड्या, ताटात एकेरी थर पसरून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि कडक झाल्या की पिशवीत भराव्यात. धुऊन गोठवल्या तर साल चिवट होते. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात, त्यामुळे वितळल्यावर फळ मऊ पडून रस सोडते. सॉस आणि जॅमला हे सोयीचे, लवकर शिजते. केकला ते त्रासाचे. म्हणून केकमध्ये गोठवलेले फळ वितळवून घालू नये. चाळणीत घेऊन गार पाण्याखाली भराभर धुवावे, पाण्याचा गडद रंग उतरला की कागदावर टिपावे, दहा मिनिटे परत फ्रीझरमध्ये ठेवावे आणि अगदी शेवटी मिश्रणात घालून चार-पाच वेळाच ढवळावे. वजन गोठलेल्या अवस्थेतच करावे. वितळलेले फळ तोलले आणि सुटलेला रस ओतून दिला तर माप चुकते. गोठलेल्या फळाने मिश्रण गार पडते, त्यातले लोणी थिजते, म्हणून भाजायला चार-पाच मिनिटे जास्त धरावीत.

१२ मफिनचे प्रमाण आम्ही असे देतो: मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर १० ग्रॅम (अडीच सपाट चहाचे चमचे), मीठ ३ ग्रॅम, साखर १४० ग्रॅम, वितळवून कोमट केलेले लोणी १०० ग्रॅम, दोन अंडी, घट्ट दही १८० ग्रॅम आणि बारीक किंवा मध्यम ब्लूबेरी २०० ग्रॅम. अंडी आणि दही फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढावे. ओले एकत्र, कोरडे एकत्र, मग दोन्ही एकमेकांत, आणि मैद्याच्या थोड्या गुठळ्या राहिल्या तरी थांबावे. फळ मैद्याच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे मफिन आपला आकार धरत नाही. १९० अंशांवर २० ते २५ मिनिटे. अंड्याशिवाय करायचे तर दही २५० ग्रॅम, बेकिंग पावडर ६ ग्रॅम आणि खायचा सोडा पाव चमचा.

फळे बुडू नयेत म्हणून मैद्यात घोळवा, असे सगळीकडे सांगितले जाते. ओलसर फळाला त्याचा थोडा उपयोग होतो, कारण मैदा बाहेर आलेला रस शोषतो. मापातलाच एक मोठा चमचा मैदा त्यासाठी बाजूला काढावा, वरून जादा घेऊ नये. पण फळ बुडते ते मुख्यतः मिश्रण पातळ असल्यामुळे, आणि पातळ मिश्रणात मैद्यात घोळवलेले फळही तळ गाठते. चमचा उलटा केल्यावर मिश्रण धारेने न पडता गोळ्याने सुटले पाहिजे. प्रत्येक साच्यात आधी एक चमचा नुसते मिश्रण घालावे, मग फळ घातलेले, आणि मूठभर फळे राखून ठेवून शेवटी वरून पेरावीत.

हिरव्या डागांबद्दल अनेकजण घाबरून विचारतात. त्यात विषारी काही नाही. सालीतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबट मिश्रणात तांबूस, सौम्य मिश्रणात जांभळे-निळे आणि अल्कधर्मी, म्हणजे सोडा जास्त असलेल्या, मिश्रणात हिरवट होते. सोडा जास्त पडला किंवा नीट चाळला गेला नाही की फळाभोवती हिरवे कडे उमटते. २४० मिलिलिटर ताकाला अर्धा चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त सोडा असलेली ब्लूबेरीची कृती दिसली तर ती संशयाने वाचावी. दूध आणि बेकिंग पावडरच्या केकला सोड्याची गरजच नसते.

याच कारणाने ब्लूबेरी दह्यात शोभते आणि दुधात नाही. बासुंदीत किंवा खव्यात तिचा रंग करडा-जांभळा पडतो, आणि गरम दुधात शिजवली तर तिच्या आंबटपणाने दूध फाटू शकते. चक्का आंबट असल्यामुळे श्रीखंडाला छान गुलाबी-जांभळा रंग येतो. पण आपल्या पुरवणीतल्या कृतीप्रमाणे ताजे फळ वाटून चक्क्यात घातले तर श्रीखंड सैल होते. ५०० ग्रॅम चक्क्याला २५० ग्रॅम फळ, ६० ग्रॅम साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस स्टीलच्या पातेल्यात आटवून १८० ग्रॅमवर आणावे, पूर्ण गार करावे आणि मग मिसळावे. चक्क्यात घालायच्या साखरेतून हे ६० ग्रॅम वजा करायला विसरू नये.

पायच्या कृतींत कॉर्नफ्लोरचे माप नेहमी कमी छापलेले दिसते. २३ सेंटिमीटरच्या पायला ९०० ग्रॅम फळ, १५० ग्रॅम साखर, ३५ ते ४० ग्रॅम कॉर्नफ्लोर, गोठवलेले फळ असेल तर ४५. कडेला बुडबुडे आले म्हणजे झाले असे नाही, मध्यभागी जाड बुडबुडे फुटेपर्यंत भाजायला हवे, तोवर कॉर्नफ्लोर पुरते फुलत नाही. बाहेर काढल्यावर तीन-चार तास हात लावू नये, गरम पाय कापला तर सारण वाहणारच.

वाळवलेली ब्लूबेरी ताज्याच्या जागी कपाला कप घेऊ नये. बाजारातली बहुतेक साखरेत मुरवून वाळवलेली असते आणि तिला तेलाचा हात असतो. २०० ग्रॅम ताज्याऐवजी ६० ते ७० ग्रॅम घ्यावी, वीस मिनिटे गरम पाण्यात भिजवून निथळावी आणि केकची साखर २० ग्रॅमने कमी करावी. डब्यातले ब्लूबेरी फिलिंग हे साखर आणि स्टार्च घातलेले तयार सारण आहे. ते वर लावायला ठीक, पिठात मिसळायला नाही.

आमची विनंती इतकीच की, पुरवणीतल्या यादीत यापुढे असा मजकूर छापावा: ‘ब्लूबेरी २०० ग्रॅम, ताजी, बारीक ते मध्यम (गोठवलेली असल्यास न वितळवता, भाजण्याची वेळ ५ मिनिटे जास्त)’. कप द्यायचाच असेल तर तो किती मिलिलिटरचा आणि सपाट की नाही हे वर एकदा लिहावे. स्ट्रॉबेरी, जांभूळ, करवंद यांच्या कृतींनाही हेच लावता येईल, फक्त ०.६२ चा गुणक तिथे वापरू नये. स्ट्रॉबेरी गोल नसते आणि जांभळात बी असते, त्यांचे वजन साफ केल्यावर वेगळे करावे लागते.

आपल्या नम्र,
बेकिंग शिकवणाऱ्या दोन वाचक
पुणे आणि न्यू जर्सी